रुबेलाच्या रिपोर्टमध्ये आकडा जाड छापून आला, म्हणजे काय?

पोटुशी बाई दवाखान्यात गेली, किंवा एक-दोनदा गर्भ पडला, की बऱ्याच ठिकाणी ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी लिहून देतात. त्यात रुबेलाही असतो. रिपोर्ट येतो तेव्हा एक आकडा जाड अक्षरांत छापलेला आणि शेजारी ‘पॉझिटिव्ह’. घरात घबराट उडते. कुणी म्हणतं हिच्या रक्तातच दोष आहे, कुणी गर्भ पाडायची भाषा करतं. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. बहुतेक वेळा तो जाड आकडा चांगली बातमी असतो.

रुबेला हा गोवरासारखा दिसणारा, पण वेगळ्या विषाणूचा आजार. लहान मुलाला थोडा ताप, अंगावर लालसर पुरळ, कानामागे गाठी, आणि काही दिवसांत मूल बरं. धोका आहे तो पोटातल्या बाळाला. आईला पहिल्या १२ आठवड्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष होण्याची शक्यता फार मोठी असते. ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध पहिल्यांदा मांडला.

आता रिपोर्ट वाचू. त्यात दोन ओळी असतात, आयजीजी आणि आयजीएम. दोन्ही आपल्या शरीराने रुबेलाविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये आहेत, विषाणू नव्हेत. आयजीजी म्हणजे जुनी ओळख. कधीतरी लहानपणी रुबेला होऊन गेला किंवा लस घेतली, की आयजीजी बहुधा जन्मभर राहते. ती ‘आययू/एमएल’ या मापात देतात. बऱ्याच लॅब १० च्या पुढे पॉझिटिव्ह धरतात, काहींची रेघ वेगळी असते. मधला आकडा आला तर ‘इक्विव्होकल’ किंवा ‘बॉर्डरलाइन’ लिहितात. मग संगणक काय करतो? शेजारच्या रकान्यात ‘१० पेक्षा कमी: निगेटिव्ह’ असं असतं, आकडा त्याबाहेर गेला की तो जाड छापतो. त्याला चांगलं-वाईट कळत नाही. आयजीजी ८० आली काय किंवा २०० आली काय, आयजीएम निगेटिव्ह असेल तर अर्थ एकच: संरक्षण आहे.

दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. किट वेगळं असलं की आकडा बदलतो. इथे ४० आणि तिथे ९०, म्हणून आजार वाढला असं नसतं.

आयजीएम पॉझिटिव्ह आली तर मात्र थांबून नीट पाहावं लागतं. अंगावर पुरळ उठल्यानंतर काही दिवसांत ती दिसते, म्हणून ताज्या संसर्गाची खूण मानतात. पण लस घेतल्यावरही ती येते, काहींच्या रक्तात महिनोन्‌महिने टिकते, आणि दुसऱ्या विषाणूमुळे किंवा संधिवातातल्या घटकामुळे खोटीही येते. पुरळ नाही, घरात कुणाला आजार नाही, तर एका आयजीएमवर गर्भाचा निर्णय घेणं चूक आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये एकत्र तपासता येतील का? आणि ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासणी होईल का? अ‍ॅव्हिडिटी म्हणजे आयजीजीची पकड. पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना, सैल असेल तर अलीकडचा असण्याची शक्यता.

पूर्वी काढलेला एखादा रिपोर्ट घरात असेल तर तोही न्या. गरोदरपणाआधीचीच आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर अर्धी शंका तिथेच मिटते.

दोन्ही निगेटिव्ह आल्या तर काय? आजार नाही, पण संरक्षणही नाही. गरोदरपणात रुबेलाची लस देत नाहीत. तोवर तापाच्या-पुरळाच्या मुलांपासून दूर राहायचं आणि बाळंतपणानंतर लस घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

लहान मुलांसाठी हीच लस गोवराच्या लसीबरोबर ‘एमआर’ म्हणून सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहून गेला असेल तर आशाताईंना कार्ड दाखवा.