चार-पाच अंशांची करामत

बिअरची चव हॉप्स आणि यीस्टच ठरवतात, असं वाटतं? घरी थेट धान्यापासून बिअर बनवणाऱ्याला विचारा, तो आधी थर्मामीटर काढून दाखवेल! भरडलेलं माल्ट तासभर गरम पाण्यात मुरवायचं, यालाच मॅशिंग म्हणतात. बिअर हलकी होणार की दाट, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. मोड येताना दाण्यात अमायलेज एन्झाइम वाढतात आणि मॅशमध्ये ते स्टार्चची साखर करतात. बाळासाठी मोडाच्या नाचणीची खीर केली, तर ती साध्या पिठाच्या खिरीपेक्षा पातळ होते, तीही यांच्याचमुळे.

यातल्या बीटा-अमायलेजला ६० ते ६५ अंश सेल्सियस मानवतात, अल्फाला ७० च्या आसपास जोर चढतो. ६४ अंशांना मुरवलं, तर यीस्टला खायला भरपूर साखर मिळते आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. ६९ ला मात्र यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन्स मागे उरतात आणि घोट तोंडात भरदार लागतो. धान्य तेच, पाणीही तेच!

मग थर्मामीटर नव्हता तेव्हा? बव्हेरिया-बोहेमियातल्या लोकांनी झकास तोड काढली होती. मिश्रणाचा साधारण तिसरा हिस्सा उपसायचा, उकळायचा आणि पुन्हा भांड्यात ओतायचा. उकळी ओळखायला डोळे पुरतात, आणि हिस्सा ठरलेला असला की सगळ्या मिश्रणाचं तापमानही दरवेळी जवळपास तेवढंच चढतं. याला डिकॉक्शन म्हणतात. प्लझेन शहरात १८४२ साली योसेफ ग्रोलने पहिली सोनेरी पिल्सनर केली. तिथली पिल्सनर उर्केल आजही तीनदा उकळून होते. खटाटोप मोठा, पण त्या उकळण्याने माल्टला येणारा खरपूसपणा मला तरी लाखमोलाचा वाटतो.

स्टार्च संपलं की नाही, ते बशीत कळतं. पांढऱ्या बशीत मिश्रणाचा थेंब घ्या, त्यावर आयोडीन सोडा. निळं-काळं झालं तर थांबा. आयोडीनचा तांबूस रंग तसाच राहिला तर काम फत्ते. तो थेंब मात्र फेकून द्यायचा.

गाळायला बार्लीची टरफलंच उपयोगी पडतात, त्यांचाच थर गाळणी होतो. गव्हाला टरफल नाही, म्हणून गहू जास्त असला की मिश्रण चिकटून तुंबतं. त्यावर उपाय भाताचं तूस! फिनलंडमध्ये साहती ही बिअर जुनिपरच्या फांद्या अंथरलेल्या लाकडी डोणीतून गाळतात. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी तर सगळं धान्य कापडी पिशवीतच मुरवायची रीत रूढ केली. पिशवी उचलली की गाळणं संपलं.

आणि बव्हेरियन गव्हाच्या बिअरला येणारा लवंगेचा वास? त्यात लवंग नसतेच. ४५ अंशांच्या आसपास मिश्रण थोडा वेळ थांबवलं की धान्यातून फेरुलिक आम्ल सुटतं आणि तिथलं खास यीस्ट त्यातूनच तो गंध तयार करतं.