नैसर्गिक हक्क आणि राज्यसत्ता

राज्याने दिलेला हक्क राज्य परत घेऊ शकते; परंतु राज्य अस्तित्वात येण्यापूर्वीच जो हक्क माणसाजवळ होता, तो राज्याला काढून कसा घेता येईल? नैसर्गिक हक्कांविषयीचा वाद मुख्यतः या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

यादवी युद्धाने पोळलेल्या इंग्लंडमध्ये टॉमस हॉब्जने १६५१ साली असे प्रतिपादन केले की, निसर्गावस्थेत आत्मरक्षणासाठी वाटेल ते करण्याची प्रत्येकास मुभा असते. या हक्काच्या जोडीला दुसऱ्या कोणाचे कर्तव्य नसते. म्हणूनच तो कोणाच्याही उपयोगी पडत नाही आणि माणसे तो सार्वभौम सत्तेच्या स्वाधीन करतात. जॉन लॉकची भूमिका याहून मूलतः वेगळी होती. त्याच्या मते निसर्गावस्थेतही एक नियम लागू असतो. मला जगण्याचा हक्क आहे याचा अर्थच असा की, माझा जीव न घेण्याचे कर्तव्य इतरांवर आहे. राज्य या हक्कांचे केवळ विश्वस्त होय. पुढे जेरेमी बेंथमने या साऱ्या कल्पनेची टर उडविली. कायद्याखेरीज हक्क संभवतच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याची शंका अगदीच अनाठायी नव्हती. आपल्या इच्छेला नैसर्गिक हक्काचे नाव देण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. लॉकने जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या पंक्तीला बसविलेली मालमत्ता भारतात १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळली गेली आणि केवळ कायद्याने रक्षिलेला हक्क म्हणून उरली.

हा वाद ग्रंथालयातच राहिला असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. २५ जून १९७५ रोजी भारतात आणीबाणी घोषित झाली. दोनच दिवसांनी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद केली. ‘मिसा’ कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्यांनी तरीही बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले आणि नऊ उच्च न्यायालयांनी ते विचारात घेता येतील असा निर्णय दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा हक्क केवळ अनुच्छेद २१ मध्येच वसतो काय, हा तेथे कळीचा मुद्दा ठरला. तसे असेल, तर अनुच्छेदाचे दार बंद होताच हक्कही निरुपाय होतो. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले असता, आणीबाणी असेतो त्यावर न्यायालयीन उपाय नाही, असे उत्तर महान्यायवाद्यांना द्यावे लागले. युक्तिवादाशी ते सुसंगतच होते, आणि त्या युक्तिवादाचे भीषण स्वरूप त्यातूनच उघड झाले.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकट्या खन्नांनी भिन्न मत नोंदविले: अनुच्छेद २१ नसता, तरीही कायद्याच्या आधाराविना कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेण्याची सत्ता राज्याला नाही. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. खन्नांचा भर निसर्गावर नव्हता, कायद्याच्या राज्यावर होता. परंतु हक्क हा संविधानाचा प्रसाद नव्हे, या निष्कर्षाला ते लॉकप्रमाणेच पोहोचले. १९७७ च्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्याच १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची दहा मूलभूत कर्तव्ये संविधानात घातली. अकरावे २००२ मध्ये आले. हक्क हवेत तर कर्तव्ये करा, हे सूत्र तेव्हा वारंवार ऐकू येई. त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. हक्काच्या जोडीचे कर्तव्य हे दुसऱ्याचे, आणि प्रामुख्याने राज्याचे असते. स्थानबद्धाला न्यायालयापुढे हजर करण्याचे कर्तव्य तुरुंगाधिकाऱ्याचे असते, स्थानबद्धाचे नव्हे. नागरिकाची कर्तव्ये निःसंशय आहेत. पण ती हक्कांची किंमत नव्हेत. अनुच्छेद ५१ क मध्येही कर्तव्य न करणाऱ्याचे हक्क जातील, असे कोठे म्हटलेले नाही.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. १९७६ चा निर्णय मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काविषयीच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रद्दबातल ठरविला. जीवित आणि स्वातंत्र्य ही संविधानाची निर्मिती नसून संविधान त्यांना केवळ मान्यता देते, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. त्यांचे मत चुकीचे ठरविणारा निकाल त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला.

प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाव देणारा अनुच्छेद २२ मात्र संविधानात कायम आहे. सल्लागार मंडळाच्या मताविना माणसाला तीन महिन्यांपर्यंत अडकवून ठेवता येते. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारे कलम चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत संसदेने संमत केले होते. ते अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही.