बटर फ्लेवरचा ठसका लागत नाही

आपल्या सिल्लोडात मिरची कांडताना ठसका लागला की माणूस आपोआप तोंडाला रुमाल बांधतो. बटर फ्लेवरचा वास मात्र छान, म्हणून डबा उघडला की आधी हुंगतोच! त्यात बऱ्याचदा डायअसिटिल असतं. खाण्यात चालतं, पण त्याची वाफ रोज छातीत गेली तर फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आक्रसू शकतात. २००० साली अमेरिकेत मिसुरीतल्या एका पॉपकॉर्न कारखान्यात आधी कामाला असलेले ८ जण असेच आजारी सापडले. सगळ्यात जास्त धोका गरम तेलात फ्लेवर मिसळणाऱ्याला.

पॉपकॉर्न, बिस्किटवाल्यांनो, फ्लेवर थंड असतानाच मोजा, भांड्यावर झाकण ठेवा, वाफ तोंडापर्यंत यायच्या आधीच एक्झॉस्टने बाहेर काढा. रुमालाने वाफ अडत नाही. पोऱ्याचा खोकला सुट्टीतही थांबत नसेल, तर छातीच्या डॉक्टरला फ्लेवरचा डबाच दाखवा.