स्थलांतर सराव, आपत्कालीन

पूर, त्सुनामी, धरणफुटी इ. आपत्तींच्या वेळी धोक्याच्या क्षेत्रातील लोकांना सुरक्षित स्थळी वेळेत पोहोचता यावे, यासाठी गावाने वा वस्तीने एकत्रितपणे करावयाची तालीम. इशारा मिळणे, तो समजणे, घर सोडणे आणि निवाऱ्यापर्यंत पोहोचणे, असे तिचे चार टप्पे असतात. या सर्वांस लागणारा वेळ पाणी येण्यास लागणाऱ्या वेळेहून कमी भरला, तरच सराव यशस्वी होय. भ्रमणध्वनीचा (मोबाईलचा) उपयोग केवळ पहिल्या टप्प्यासाठी आहे, असा समज आढळतो. वस्तुतः इतर टप्प्यांतील विलंब शोधण्यासही तो उपयुक्त आहे.

इशाऱ्याला मिळणारा अवधी वाया कसा जातो, हे पानशेतच्या दुर्घटनेवरून दिसून येते. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटल्यानंतर पुण्यात महापूर येण्यापूर्वी काही तास गेले; तथापि नदीकाठच्या सर्व वस्त्यांना वेळीच सावध करता आले नाही.

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे शहर व रेल्वे जंक्शन याच नावाच्या नदीच्या परिसरात वसले आहे. तेथे पुराची कारणे दोन प्रकारची आहेत. येलदरी (१९६८) व त्याखालील सिद्धेश्वर या धरणांतून सोडलेले पाणी येण्यास वेळ लागत असल्याने इशारा आगाऊ देता येतो. याउलट परिसरातील अतिवृष्टीने ओढे अल्पावधीत भरून रस्ते तुटतात. शिवाय पूर्णा नदी पुढे गोदावरीस मिळत असल्यामुळे गोदावरीस मोठा पूर असता संगमाजवळ पूर्णेचे पाणी तुंबते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात गोदावरी व तिच्या उपनद्यांना मोठे पूर आले होते. अशा भागात धरणाच्या विसर्गासाठी एक आणि रात्रीच्या अतिवृष्टीसाठी एक, असे दोन वेगळे सराव आवश्यक ठरतात.

संदेशाची साधने : लघुसंदेश (एसएमएस) प्रत्येक क्रमांकास स्वतंत्रपणे जातो व जाळ्यावर भार वाढल्यास उशिरा पोहोचतो. ‘सेल ब्रॉडकास्ट’ या पद्धतीत मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व भ्रमणध्वनींना संदेश एकाच वेळी मिळतो; त्यासाठी क्रमांकांची यादी लागत नाही. या पद्धतीचे चाचणी संदेश भारतात २०२३ मध्ये प्रसृत करण्यात आले. महाराष्ट्रातील अनेक गावांत ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ वापरली जाते. तीत ठरावीक क्रमांकावर बोललेला निरोप नोंदणी केलेल्या सर्व ग्रामस्थांना आवाजी स्वरूपात ऐकू येतो. वाचता न येणाऱ्यांना तो अधिक सोयीचा असतो.

मोजमाप : उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने चालणाऱ्याचा मार्ग व वेळ भ्रमणध्वनीवर नोंदविता येतो. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी या तत्त्वावर ‘निगे-तोरे’ हे उपयोजन (ॲप) विकसित केले. त्यात चालणाऱ्या व्यक्तीचा मार्ग आणि त्सुनामीचे संभाव्य पाणी नकाशावर एकत्र दिसते. त्यामुळे आपण वाचलो असतो की पाण्याने गाठले असते, हे प्रत्येकास कळते. पूर्णेसारख्या ठिकाणी याच रीतीने नदीकाठच्या घरापासून उंचावरील शाळेपर्यंतचा वेळ वृद्ध, गरोदर स्त्रिया व अपंग यांच्यासाठी स्वतंत्रपणे काढता येईल. कोणता नाला आधी बंद होतो, गुरे सोडण्यात किती वेळ जातो, याही बाबी नोंदीतून स्पष्ट होतात.

मर्यादा : वीज खंडित झाल्यावर मनोऱ्यांच्या विद्युत्‌घटमाला काही काळच टिकतात, साधे वा बंद असलेले भ्रमणध्वनी आणि शेतातील आखाड्यांवर झोपणारे लोक संदेशापासून वंचित राहू शकतात. म्हणून सरावात काही घरांना मुद्दाम संदेश न पाठविता, तो शेजाऱ्यांकडून, दवंडीने वा मंदिर-मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून किती वेळात पोहोचतो, हे पाहणे इष्ट असते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. परंतु कोणत्या घरी कोणाला उचलून न्यावे लागेल, याची माहिती ग्रामस्थांनाच असते. ती यादी दर पावसाळ्यापूर्वी सुधारून तिच्यानुसार सराव केल्यासच संदेशाचे रूपांतर प्रत्यक्ष स्थलांतरात होते.