काढा, गोळी आणि सत्तरीनंतरचे मूत्रपिंड

रुग्णालयात दाखल होणाऱ्या वृद्ध रुग्णाला 'कोणती औषधे चालू आहेत' असे विचारले की तो प्रेशरची, शुगरची आणि रक्त पातळ करण्याची गोळी सांगतो. पण सकाळी उपाशीपोटी घेतला जाणारा कारल्याचा रस, खोकल्यासाठी महिनाभर चाललेला ज्येष्ठमधाचा काढा, झोप लागावी म्हणून कोणीतरी सुचवलेली सर्पगंधेची वटी आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी यांतले काहीच तो सांगत नाही, कारण त्याच्या हिशेबी ती औषधे नव्हेतच. यात लपवाछपवी क्वचितच असते. म्हणून परिचर्येच्या, म्हणजे रुग्णसेवेच्या शास्त्रात 'औषध-इतिहास' घेणे हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते आणि मुरलेली परिचारिका प्रश्नच वेगळा विचारते: उठल्यावर पहिल्यांदा पोटात काय जाते, रात्री दुधातून काय घेता, पोट साफ व्हायला काय करता, आणि घरातल्या इतर कोणाच्या गोळ्या कधी घेता का. तपासणीच्या घाईत डॉक्टरांकडून जे निसटते, ते बरेचदा या साध्या प्रश्नांच्या उत्तरांत सापडते.

तरुण माणसाच्या बाबतीत अशी एखादी नोंद राहून गेली तरी फारसे बिघडत नाही, वृद्धाच्या बाबतीत मात्र बिघडते, आणि त्याचे मुख्य कारण मूत्रपिंडात आहे. चाळिशीनंतर मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता साधारणपणे दरवर्षी थोडी थोडी उतरत जाते, परंतु ही उतरण प्रयोगशाळेच्या अहवालात सहज दिसत नाही. कारण ज्या क्रिॲटिनिनवरून ती जोखली जाते ते स्नायूंपासून तयार होणारे टाकाऊ द्रव्य आहे, आणि म्हातारपणी स्नायूच घटल्यामुळे ते मुळात कमी तयार होते. वय, वजन आणि क्रिॲटिनिन यांवरून ही क्षमता काढण्याचे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ सालचे सूत्र अजूनही वापरात आहे. त्या सूत्राने पाहिले तर क्रिॲटिनिन १.० असलेल्या ३० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाची क्षमता मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते, तर तेच क्रिॲटिनिन असलेल्या ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीची जेमतेम ३२ येते. दोघांच्या अहवालात क्रिॲटिनिनपुढे 'नॉर्मल' असेच लिहिलेले असते. जी औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात त्यांची नेहमीची मात्रा या आजींच्या शरीरात साठत जाते, हे त्या अहवालावरून कोणालाही कळणार नाही.

याखेरीज वयानुसार शरीरातले पाणी घटते व चरबीचे प्रमाण वाढते, त्यामुळे डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी झोपेची औषधे दिवसेंदिवस रेंगाळतात. यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो. आणि मेंदू अशा औषधांना अधिक हळवा होतो. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी शक्यतो टाळावयाच्या औषधांची एक सूची सिद्ध केली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. पाच किंवा त्याहून अधिक औषधे एकाच वेळी चालू असण्याला 'बहुऔषधता' म्हणतात. तिच्यातून 'औषधसाखळी' जन्मते: प्रेशरसाठी दिलेल्या ॲम्लोडिपिनने पावले सुजतात, सूज हा नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू होते, त्या गोळीने रात्री चार वेळा उठावे लागते, आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडते. साखळीतली प्रत्येक चिठ्ठी सुटी वाचली तर बरोबरच असते.

आता अशा शरीरात ज्येष्ठमधाचा काढा गेला की काय होते, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिन हा घटक मूत्रपिंडातील एका विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, अडवतो. हा विकर एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला तेथे निष्क्रिय करत असतो. तो अडला की कॉर्टिसॉल मोकाट सुटते, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. घसा बसला म्हणून चार दिवस एखादी काडी चघळण्याने हे होत नाही. रोजचा काढा कित्येक आठवडे चालला तर होऊ शकते. त्यातच रुग्ण लघवीसाठी फ्युरोसेमाइड घेत असेल तर तीही पोटॅशियम घालवते, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घटताच डिगॉक्सिनची विषारी बाजू डोके वर काढते, शिवाय ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडणारे असल्यामुळे आधीच साठलेले असते. गंमत अशी की हे डिगॉक्सिनही मूळचे झाडपाल्याचेच: इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या पानांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तिथून ही औषधांची पंगत सुरू झाली. विषबाधेची पहिली लक्षणे भूक मरणे, मळमळणे, पिवळसर दिसणे आणि नाडी मंदावणे ही असतात, आणि वयाच्या ऐंशीत भूक मेली तर घरचे त्याला म्हातारपण म्हणून मोकळे होतात.

'झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार' हा समज खोडून काढायला सर्पगंधेइतके चांगले उदाहरण नाही, आणि ते मुंबईचे आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर तीनच वर्षांत तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि ते जगभर पोहोचले. रक्तदाब खरोखर उतरत होता. त्याबरोबर काही रुग्णांना सुस्ती आणि खिन्नता येत होती हेही तितकेच खरे, आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. ज्या वनस्पतीत रक्तदाब उतरवण्याची ताकद आहे, तिची वटी प्रेशरच्या गोळीवर घेतली तर तो नको इतका उतरू शकतो, हे सांगायला खरे तर तज्ज्ञ लागू नये.

बाकीची यादी परिचारिकांना पाठच असते. कारले आणि मेथी शुगरच्या गोळीचा परिणाम वाढवू शकतात. लसणाच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात. उलट पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व वॉरफॅरिनचा प्रभाव कमी करते, आणि तिथे भाजी बंद करण्यापेक्षा रोजचे प्रमाण सारखे ठेवणे महत्त्वाचे असते. गुळवेलीबद्दल मात्र वाद आहे: २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, तर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. वाद मिटेपर्यंत आधीच यकृताचा आजार असलेल्या वृद्धाने ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढे म्हणणे कोणाच्याही बाजूचे ठरू नये.

औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळणे हा परिचर्येचा पाया आहे, पण वृद्धांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले जातात आणि ते साठच्या खाली असतील तर गोळी रोखून डॉक्टरांना कळवले जाते. मात्रा बदलण्याचा अधिकार परिचारिकेला नसतो, गोळी थांबवून विचारण्याची जबाबदारी मात्र असते. रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे केल्यावर एका व तीन मिनिटांनी घेतला जातो. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो रुग्ण पडण्याची शक्यता मोठी. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि इतर गोळ्यांपासून दोनेक तासांच्या अंतराने दिले जाते, कारण ते औषधांचे शोषण अडवू शकते. गिळायला त्रास असलेल्याला तर ते देणेच धोक्याचे, कारण घशात फुगून अडकते. हळूहळू विरघळणारी गोळी नळीतून देता यावी म्हणून कुटली, तर दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते.

सर्वांत घातक चूक इन्सुलिनची, आणि ती रुग्णालयापेक्षा घरी अधिक संभवते. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असते, पेनमधले आणि काही कुप्यांतले १०० युनिट. सिरिंजही त्यानुसार वेगळ्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलिलिटर, १०० चे इन्सुलिन भरले तर २० ऐवजी ५० युनिट टोचले जातात. शहरांत ब्युरोकडून आजी-आजोबांसाठी येणाऱ्या मावशींपैकी अनेकींनी तीन वर्षांचा जीएनएम किंवा दोन वर्षांचा एएनएम यांपैकी कोणताच अभ्यासक्रम केलेला नसतो, तरी टोचण्याचे काम त्यांच्यावरच येते. पैसे प्रशिक्षित सेवेचे घेऊन हे होत असेल तर दोष मावशींकडे जात नाही.

एक गोष्ट मात्र अनुभवी वॉर्डातही निसटते. रुग्ण दाखल झाला की घरचा कारल्याचा रस आपोआप बंद होतो. त्याने शुगर थोडी चढते, आजार आणि सलाइनमुळे ती चढलीच असेल असे धरले जाते आणि गोळीची मात्रा वाढवली जाते. डिस्चार्ज कार्डावर वाढीव मात्रा येते, घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी रस पुन्हा सुरू होतो आणि शुगर एकदम उतरते. वृद्धांमध्ये अशा वेळी घाम फुटण्याऐवजी नुसते भांबावल्यासारखे, असंबद्ध बोलल्यासारखे होऊ शकते, ते म्हातारचळ समजले जाते. म्हणून काही परिचारिका दाखल होतानाच केसपेपरवर 'घरगुती' असे शीर्षक देऊन रस, काढा, वटी, प्रमाण आणि वेळ मराठीत लिहून ठेवतात, डिस्चार्जच्या दिवशी तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवून त्यातले काय सुरू ठेवायचे ते विचारतात, आणि रस चालू राहणार असेल तर पहिले काही दिवस उपाशीपोटीची शुगर घरी मोजून फोनवर कळवायला सांगतात.