सातारा ते सांगली विमानाने ८ मिनिटं? हा आकडा येतो कुठून?

आजचा एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर हे वाचा.

दोन गावांमधलं हवाई अंतर सांगणाऱ्या साइट्स तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचं गणित आपण हातानेच करू. साताऱ्याचा अक्षांश साधारण १७.६८, सांगलीचा १६.८५. फरक ०.८३ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे दक्षिणेकडे ९२ किलोमीटर. रेखांशात फरक ०.५८ अंशाचा. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरचा, म्हणून पूर्वेकडे ६१. आता शाळेतला पायथागोरस लावा. उत्तर येतं ११० किलोमीटर.

हे अंतर अगदी खरं आहे. गडबड होते ती पुढं. या ११० ला जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागलं, की ८ मिनिटं! पण विमान काय एसटीसारखं स्टँडवरून निघत नाही. त्याला वर चढायला आणि खाली उतरायलाच यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि उडणार कुठून? सातारा शहराला विमानतळ नाही. जिल्ह्यातली धावपट्टी कराडला, ती कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ च्या सुमारास बांधलेली. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर, म्हणजे लहान विमानांपुरती. सांगलीची जुनी धावपट्टी तासगाव रस्त्यावर कवलापूरला, पण तिथून प्रवासी विमान सुटत नाही.

समजा, उद्या सुटलं. तरी साताऱ्याहून कराड गाठायला तासभर, चेक-इनसाठी आणखी तासभर, मग उड्डाण, शेवटी कवलापूरहून सांगली. झाले की अडीच तास! तेवढ्यात गाडी हायवेने पेठ नाक्याला वळून आष्ट्यामार्गे सांगलीत पोचते. रस्ता सुमारे १२५ किलोमीटरचा. कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी करत जाणारी रेल्वे आहेच.

मग छोटी उड्डाणं कुठंच चालत नाहीत का? चालतात. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण जेमतेम दोन मिनिटांचं आहे. पण ती दोन बेटं आहेत, मधे समुद्र आहे. आपल्या मधे समुद्र नाही, हायवे आहे. आपल्याला विमान उपयोगी पडतं ते लांब जायला, म्हणून सांगलीकर कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ गाठतात.

हे सगळं कशासाठी सांगतोय? साताऱ्याहून घरच्या कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं असेल किंवा सांगलीत सकाळी दहाला इंटरव्ह्यू असेल, तर स्क्रीनवरच्या मिनिटांवर बेत आखू नका. आधी बघा, त्या मार्गाचं तिकीट खरंच विकत मिळतंय का. मिळत असेल तर घराच्या दारापासून पोचायच्या दारापर्यंतचा वेळ मोजा. तिकीटच नसेल, तर तो आकडा फक्त नकाशावर ओढलेल्या रेघेचा आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!