हात वाकतो म्हणजे सगळं ठीक, असं नाही! वजन उचलताना कोपरात ‘कट्ट’ झालं तर पुढचे दोन आठवडे महत्त्वाचे

बेळगाव : ३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात सुवर्णपदकाच्या उंबरठ्यावर होता. क्लीन अँड जर्कमध्ये १३९ किलो उचलताना त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तशाच वेदनेत त्याने तिसरा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. एकूण २४८ किलोवर त्याला रौप्यपदक मिळाले, सुवर्ण एका किलोने हुकले. पुढे लंडनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली.

राष्ट्रीय संघातल्या खेळाडूच्या पाठीशी डॉक्टर असतात. गल्लीतल्या जिममध्ये, तालमीत किंवा दुकानात पोती उचलणाऱ्याच्या पाठीशी कोण असतं? तिथे पहिला सल्ला मिळतो तो ‘लचक भरली असेल, चोळून घे’ असा. कोपराच्या एका दुखापतीत हाच सल्ला महागात पडतो.

नेमकं काय तुटतं?

दंडाचा जो स्नायू आपण फुगवून दाखवतो तो बायसेप्स. त्याचं खालचं टोक एका जाड दोरीसारख्या स्नायुबंधाने, म्हणजे टेंडनने, कोपराच्या खाली हाडाला बांधलेलं असतं. हात वाकलेला असताना अचानक जड वजनाने तो सरळ ओढला गेला की ही दोरी हाडावरून उपटून येऊ शकते. डेडलिफ्टमध्ये एक पंजा आत आणि एक बाहेर अशी पकड घेणाऱ्यांत तळवा पुढे असलेल्या हाताला हा धोका जास्त. पण यासाठी जिमच लागते असं नाही. निसटणारा गॅस सिलिंडर किंवा जिन्यावरून घसरणारं कपाट झटक्यात सावरतानाही हे होतं. ही दुखापत बहुतेक पुरुषांत, त्यातही चाळिशी-पन्नाशीत दिसते. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक.

ओळखायचं कसं?

‘कट्ट’ असा आवाज किंवा काहीतरी तुटल्याची जाणीव होते. कोपराच्या पुढच्या बाजूला कळ येते. एक-दोन दिवसांत कोपर आणि त्याखालचा हात काळानिळा पडतो. दंडाचा गोळा वर सरकल्यासारखा दिसतो.

फसगत होते ती पुढे. चार-पाच दिवसांत दुखणं उतरतं आणि हात वाकतोही, कारण कोपर वाकवायला बायसेप्सच्या खाली दुसरा स्नायू असतो. मग माणूस म्हणतो, ‘बरं झालं की.’ पण स्क्रू पिळताना किंवा दाराची मूठ फिरवताना हातात जोर नसतो. तळवा वरच्या बाजूला फिरवण्याचं मुख्य काम बायसेप्सचं असतं. टेंडन पूर्ण तुटलेला तसाच सोडला तर फिरवण्याची ताकद साधारण ४० टक्के आणि वाकवण्याची साधारण ३० टक्के कमी होते.

एक्स-रे चांगला, तरी दुखापत गंभीर

एक्स-रेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ ऐकून घरी बसू नये. अस्थिरोग तज्ज्ञ कोपर काटकोनात वाकवून, तळवा स्वतःकडे वळवायला लावून, बाहेरच्या बाजूने बोट टेंडनखाली अडकतं का ते पाहतात. बोट अडकलं नाही तर टेंडन पूर्ण तुटल्याची दाट शक्यता असते. अर्धवट तुटलेला मात्र या चाचणीतून निसटू शकतो. एमआरआयमध्ये तो किती तुटला आणि किती वर सरकला हे कळतं. काही ठिकाणी सोनोग्राफीही करतात.

घाई कशासाठी? तुटलेलं टोक दिवसागणिक वर सरकतं आणि आजूबाजूला चिकटतं. शस्त्रक्रिया साधारण दोन ते तीन आठवड्यांच्या आत झाली तर ते टोक खाली आणून हाडाला बसवणं सोपं जातं. उशीर झाला तर शरीरातल्या दुसऱ्या जागेचा टेंडन काढून जोड द्यावा लागू शकतो. तोवर मालीश, शेक, झटके देणं बंद. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे ठेवावा, हात झोळीत घ्यावा.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. वय जास्त, काम हलकं, इतर आजार असतील तर डॉक्टर व्यायामावर भागवण्याचा सल्ला देऊ शकतात. पण तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, अंगावर काढून नव्हे.

शस्त्रक्रियेआधीची तयारी

रक्त, साखर, ईसीजी अशा तपासण्या होतात. भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह-बीपीची औषधे, जिमची पावडर आणि घेतली असतील तर स्टेरॉइडची इंजेक्शनेही सांगावीत. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. तंबाखू, सिगारेट त्याच दिवसापासून सोडावी, कारण जखम भरायला ती आड येते. हातावरचे केस घरी ब्लेडने काढू नयेत, बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो. अंगठी, कडे उतरवावे. जेवण-पाणी कधी थांबवायचं ते रुग्णालय सांगेल, ते काटेकोर पाळावं.

डॉक्टरांना चार गोष्टी जरूर विचाराव्यात : टेंडन हाडाला कशाने बसवणार, हात किती दिवस बांधलेला राहील, व्यायाम कधी सुरू होईल आणि धोके कोणते? कोपराखाली काही काळ बधिरपणा येणं हा त्यातला नेहमी आढळणारा त्रास.

खर्चाचा हिशेब

अंदाजपत्रक लेखी घ्यावं. त्यात खोलीचं भाडं, भूल आणि हाडात बसवायच्या इम्प्लांटची किंमत वेगवेगळी लिहून मागावी. विमा असेल तर दाखल होण्याआधीच पूर्वमंजुरीसाठी कागद द्यावेत आणि इम्प्लांटवर मर्यादा आहे का ते विचारावं. आयुष्मान कार्ड असलेल्यांनी ही शस्त्रक्रिया यादीत आहे का, त्या रुग्णालयात चालते का, हे आधी तपासावं. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला आहे. त्या गावांतील रुग्णांनी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. ही धावपळ घरच्या एकाने पहिल्याच दिवशी अंगावर घेतली तर तारीख कागदांपायी पुढे जात नाही.

घरी आल्यावर काही आठवडे एका हाताचं आयुष्य असतं. बटणाचे सैल शर्ट काढून ठेवावेत, दुचाकीवर ये-जा करणाऱ्याने दुसरी सोय पाहावी, दुकान-शेतीचं काम कोणाकडे द्यायचं ते आधीच ठरवावं. जड वजन उचलायला साधारण पाच-सहा महिने लागतात. पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलेल्याचे हे महिने सहसा सत्कारणी लागतात. महिनाभर चोळत बसलेल्याला मात्र तेवढाच काळ घालवूनही पूर्वीची ताकद परत येईलच, याची खात्री देता येत नाही.